घरी बीअर तयार करण्याबाबत : खान्देशातील उष्मा, दादर ज्वारी आणि कायदा

तापीकाठ (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. मी कृषी शाखेचा पदवीधर असून घरची शेती पाहतो. आमच्याकडे मुख्यतः केळी असते आणि रब्बीत थोडी दादर असते. पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत (बीअरच्या लहान कारखान्यात) गव्हाची बीअर चाखण्याचा योग आला, तेव्हा तिला पिकलेल्या केळ्याचा अगदी स्पष्ट गंध येत होता. तिच्यात केळे मुळीच घातलेले नसते, असे तेथील जाणकाराने सांगितले आणि तेव्हापासून हा विषय समजून घ्यावा असे मनात आहे. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र मी आवडीने शिकलो होतो, परंतु प्रत्यक्ष आंबवण्याचा अनुभव दही, इडलीचे पीठ आणि आंबील यांपलीकडे नाही.

मला साधारण २० लिटरच्या मापाने सुरुवात करण्याची इच्छा आहे. त्यासाठी कोणती भांडी आणि उपकरणे खरोखर आवश्यक आहेत, नवख्या माणसाने कोणत्या टप्प्यावर सर्वाधिक काळजी घ्यावी आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा ही प्रक्रिया शक्य तरी आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. बीअरसाठी लागणारे जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) येथे कोणाकडे मिळत नाही, मग ज्वारीचे करता येईल का, असाही प्रश्न आहे. घरी, केवळ स्वतःपुरती बीअर करण्यास आपल्या राज्यात परवानगी आहे की नाही, याबाबत मला वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पांझरा (धुळे)

भाऊ, आपण शेवटी विचारलेला प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागेल, कारण बाकीच्या उत्तरांचा उपयोग त्यावरच अवलंबून आहे. महाराष्ट्रात घरी बीअर तयार करण्यास परवानगी नाही. पूर्वीच्या मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तो आजही लागू आहे. त्यात ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून स्पिरिट, वाइन, बीअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव पदार्थ तीत येतात. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार मद्य तयार करण्यास मनाई आहे. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि तो व्यवसायासाठी असतो. घरगुती छंदासाठी अमुक लिटरपर्यंत सूट, अशी तरतूद आपल्याकडे नाही.

‘मी विकत नाही, फक्त स्वतःसाठी करतो’ हे उत्तर अनेकांना पुरेसे वाटते, परंतु कायद्यात निर्मिती हाच स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी कैद आणि दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत. आपल्याला मिळालेली वेगवेगळी उत्तरे बहुधा परदेशातील माहिती वाचून दिलेली असावीत. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय बीअर करता येते. अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला आणि एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन एवढी मर्यादा ठरली. त्या देशांतील चित्रफिती आणि पुस्तके आपल्याकडे सहज पोहोचतात, त्यांच्याबरोबर त्यांचा कायदा मात्र येत नाही. आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि हातभट्टीवर छापे पडल्याच्या बातम्या आपल्या भागाला नवीन नाहीत. त्यामुळे ‘कोण बघते’ या भरवशावर कोणी सुरुवात करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

मूळचोपडेकर (इंग्लंड)

मी मूळचा चोपड्याचा असून नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो आणि येथे तो गुन्हा नसल्यामुळे घरी नियमितपणे बीअर करतो. पांझरा यांनी लिहिलेले योग्य आहे आणि यावलमध्ये राहून हे करावे असे मी सुचवणार नाही. परंतु बीअर कशी होते हे जाणून घेण्यास कोणाचीच हरकत नसावी. शिवाय आपल्या भागातील अनेक मुले शिक्षणासाठी बाहेर जातात, त्यांनाही या माहितीचा उपयोग होईल.

प्रथम आपल्या केळ्याच्या गंधाविषयी. त्या गंधाचे कारण आयसोअमिल ॲसिटेट हे संयुग आहे. पिकलेल्या केळ्याला येणारा वास मुख्यतः त्याचाच असतो आणि जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरसाठी वापरले जाणारे यीस्ट साखर आंबवताना तेच संयुग तयार करते. म्हणजे आपल्याला जाणवलेला वास भास नव्हता, दोन्हीकडे पदार्थ एकच आहे. तापमान वाढले की यीस्ट अशी संयुगे अधिक प्रमाणात तयार करते आणि येथूनच आपल्या उष्म्याच्या प्रश्नाकडे वळता येते.

नेहमीच्या ‘एल’ या बीअरप्रकाराच्या यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर लागर प्रकारच्या यीस्टला ८ ते १२ अंश लागतात. आंबवण उष्णता निर्माण करते, त्यामुळे पिंपातील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक गरम असतो, ही गोष्ट नवखे लोक लक्षात घेत नाहीत. द्रव ३० अंशांच्या पुढे गेला तर साधे एल यीस्ट मरत नाही, उलट अतिशय वेगाने काम करते, पण त्या घाईत जड अल्कोहोले तयार होतात आणि बीअरला थिनरसारखा उग्र वास येतो. म्हणून खान्देशासारख्या हवामानात तापमान नियंत्रित ठेवणारा फ्रिज ही चैन ठरत नाही, ती मूलभूत गरज आहे. कूलरची हवा किंवा पिंपाभोवती गुंडाळलेले ओले गोणपाट कोरड्या उन्हाळ्यात काही अंश उतरवते, पण ४५ अंशांवरून २० अंशांवर आणू शकत नाही. याला एक खरा अपवाद आहे. नॉर्वेतील शेतकरी घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बीअर देते. उष्ण प्रदेशातील छांदिष्ट लोक आता तेच वापरतात. उत्तर ध्रुवाजवळच्या देशातील यीस्ट उष्ण प्रदेशाच्या कामी यावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता प्रक्रिया. बीअरसाठी पाणी, माल्ट, हॉप्स (कडवटपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले) आणि यीस्ट हे चार घटक लागतात. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील १५१६ च्या प्रसिद्ध नियमात पाणी, जव आणि हॉप्स यांचाच उल्लेख आहे, कारण यीस्ट हा सजीव आहे हे त्या काळी ज्ञात नव्हते. नवख्याने माल्टचा तयार पाक घेऊन सुरुवात केली तर धान्य भिजवणे व गाळणे टळते. सुमारे ३ किलो पाकात एकूण २० लिटर द्रव केला की त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०४५ च्या आसपास येते. थेट धान्यापासून करायचे असल्यास साधारण साडेचार किलो माल्ट भरडून, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तासात माल्टमधील विकरे (एन्झाइम) स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. ६२-६४ अंशांकडे ठेवल्यास आंबणारी साखर अधिक मिळते आणि बीअर हलकी, कोरडी होते. ७० अंशांकडे नेल्यास न आंबणारी साखर उरते आणि बीअर जाडसर लागते. केवळ पाच-सहा अंशांच्या फरकाने चव एवढी बदलते, म्हणून चांगला थर्मामीटर ही माझ्या मते पहिली खरेदी असावी.

गाळून मिळालेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. तो तासभर खळखळून उकळतात आणि उकळी फुटताच हॉप्स घालतात. हॉप्समधील आम्ले दीर्घ उकळीतच कडवटपणा देतात, तर शेवटच्या पाच मिनिटांत घातलेले हॉप्स फक्त सुगंध देतात. त्यानंतर वर्ट शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत थंड करून पिंपात ओततात आणि यीस्ट मिसळतात. २० लिटरला कोरड्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे एक पाकीट पुरते.

आपण सर्वाधिक काळजीचा टप्पा विचारला होता. तो हाच, म्हणजे उकळी थांबल्यानंतरचा. उकळीपर्यंत भांडे केवळ स्वच्छ असले तरी चालते, कारण बीअर बिघडवणारे जंतू उकळीत मरतात. परंतु थंड झालेल्या वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, मग ती नळी असो, चमचा असो, झाकण असो की हात असो, निर्जंतुक केलेली असावी लागते. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. मळ तसाच ठेवून औषध लावले तर औषध त्या मळाखाली पोहोचत नाही. बिघडलेल्या बहुतेक बीअरचे मूळ येथेच असते.

आंबवण पूर्ण झाले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये. हायड्रोमीटरचे (विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन दोन-तीन दिवस एकसारखे, समजा १.०१०, आले म्हणजे ते पूर्ण झाले. आरंभीच्या आणि शेवटच्या वाचनातील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण कळते. १.०४८ वरून १.०१० वर आलेल्या बीअरमध्ये ते सुमारे ५ टक्के असते. बाटल्या भरताना दर लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात आणि तिच्यापासून फेस तयार होतो. आंबवण अपुरे असताना बाटल्या भरल्या तर दाब वाढून काच फुटते आणि त्यात डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. बीअरच्या दाबासाठी बनवलेल्या जाड बाटल्याच वापरण्याचा नियम त्यासाठीच आहे.

एक गैरसमजही येथे दूर करावासा वाटतो. विषारी दारूकांडांच्या बातम्यांमुळे घरी आंबवलेले पेय विषारी होते असे अनेकांना वाटते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूमुळे. जवाच्या माल्टच्या आंबवणात मिथेनॉल नगण्य असते. कायद्याचा मुद्दा वेगळा आणि विषाचा वेगळा, दोन्हींची गल्लत करू नये.

तापीकाठ (यावल तालुका)

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. कायद्याची बाजू आता पूर्ण स्पष्ट झाली असून मी बीअर करणार नाही. परंतु मूळचोपडेकर यांचे लेखन वाचताना असे लक्षात आले की यीस्ट घालेपर्यंतचा प्रवास, म्हणजे माल्ट करणे, ठरावीक तापमानाला स्टार्चची साखर करणे आणि वर्ट उकळणे, हा मद्यनिर्मितीचा भागच नाही. तेवढेच शिकून, न आंबवता काही पेय करता येईल का? आणि त्यासाठी घरची दादर चालेल का?

धान्यमंथन (जळगाव)

तापीकाठ, आपण नेमका धागा पकडला आहे. मी धान्यप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे की या विद्येचा अर्धा अधिक भाग यीस्टच्या आधीच घडतो. वर्ट न आंबवता, थंड करून, सोडा मिसळून पिण्याची पद्धत कॅरिबियन बेटांत आणि लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी आहे. तेथे या पेयाला माल्टा म्हणतात आणि ते लहान मुलेही पितात.

दादर चालेल, पण जवाची कृती जशीच्या तशी लावून चालणार नाही. याची कारणे दोन आहेत. जवाचा स्टार्च ज्या तापमानाला फुलतो त्याच तापमानाला त्याची विकरे काम करतात, म्हणून एकाच भांड्यात सर्व काही जमून येते. ज्वारीचा स्टार्च मात्र ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर फुलतो आणि तोवर तिची विकरे नष्ट होऊ लागतात. शिवाय माल्टोज ही साखर करणारे बीटा-अमायलेज हे विकर ज्वारीच्या माल्टमध्ये जवापेक्षा बरेच कमी असते. तरीही ज्वारीपासून उत्तम माल्ट होते, यात शंका नाही. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठे कारखाने ज्वारीकडे वळले आणि माल्टची पेयेही तिच्यापासून करू लागले.

धान्य निवडताना दादर घेणे हा चांगला निर्णय आहे. ती रब्बीत, कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे तिच्यावर बुरशी क्वचितच येते. खरिपातील ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली असेल तर ती अजिबात घेऊ नये, कारण त्या बुरशीची विषे उकळीनेही जात नाहीत. लालसर टॅनिनयुक्त ज्वारी विकरांना अडवते. बियाण्याच्या पिशवीतील ज्वारी तर कधीही वापरू नये, कारण तिला औषध चोळलेले असते.

दाणे धुऊन साधारण दिवसभर भिजवावेत आणि दर पाच-सहा तासांनी पाणी बदलून त्यांना थोडा वेळ निथळत ठेवावे. पाण्याखाली सलग ठेवलेला दाणा गुदमरतो. मग ओल्या गोणपाटावर पातळ पसरून, रोज दोनदा पाणी शिंपडून वर-खाली करत चार दिवस मोड येऊ द्यावेत. जवाला यासाठी १५-१८ अंशांचा गारवा लागतो, ज्वारीला २५ ते ३० अंश मानवतात. म्हणजे ज्या उष्म्याने बीअरच्या वाटेत अडथळा आणला, तो या कामात अडचणीचा नाही. भर उन्हाळा सोडून वर्षातील बरेच महिने आपल्या घरातील तापमान या कामास अनुकूल असते. त्यानंतर हे दाणे ५० अंशांच्या आत पूर्ण कोरडे करावेत. हिवाळ्यातील गच्चीवरचे ऊन त्यासाठी पुरते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. त्याचे कारण धुरीन नावाचे द्रव्य आहे, ज्यापासून सायनाइड सुटते. तेच द्रव्य मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत आणि मुळांत साचते. म्हणून वाळलेले मोड हाताने चोळून, पाखडून, पूर्णपणे काढून टाकावेत आणि ते गुरांनाही घालू नयेत. हिरवे, मोडासकट वाटलेले ज्वारीचे माल्ट कोणत्याही परिस्थितीत पिण्यासाठी वापरू नये. मोड काढलेले माल्ट नंतर उघड्या भांड्यात उकळले जाते, त्यात उरलेसुरले सायनाइडही उडून जाते. मुगाच्या किंवा नाचणीच्या मोडांना आपण निःशंक खातो म्हणून ज्वारीलाही तोच न्याय लावणे धोक्याचे आहे.

आता पाक काढण्याची पद्धत. अर्धा किलो माल्ट जाडसर भरडून दोन लिटर पाण्यात ४५ अंशांवर अर्धा तास ठेवावे. विकरे पाण्यात उतरतात. वरचे निवळलेले पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून बाजूला ठेवावे. खाली राहिलेल्या चोथ्यात थोडे पाणी घालून तो ढवळत उकळावा, म्हणजे स्टार्च पूर्ण फुलतो आणि घट्ट पेज होते. ही पेज थोडी निववून तिच्यात बाजूला ठेवलेले पाणी घालावे आणि मिश्रण ६३ ते ६५ अंशांवर स्थिर राहील असे पाहावे. पेज फार गरम असताना घाई केली तर विकरे मरतात आणि मग तासन् तास थांबूनही गोडी येत नाही. सर्व काही जमले तर अर्ध्या तासात घट्ट पेज पळीवरून पाण्यासारखी ओघळू लागते. तासा-दीड तासाने मलमलीच्या फडक्यातून गाळून, तो द्रव तासभर उकळावा. हॉप्सचा कडवटपणा हवा असेल तर ते बाहेरून मागवावे लागतील. भारतात त्यांची लागवड हिमाचलातील लाहौल भागात होते, आपल्याकडे होणार नाही. ते नसतील तर आले आणि लिंबाची साल चांगली लागते.

तयार वर्ट लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. तो गोड आणि पौष्टिक असल्यामुळे बाहेर ठेवल्यास हवेतील यीस्टने आपोआप आंबू लागतो, बंद बाटलीत दाब वाढतो आणि आपण टाळू पाहत असलेले मद्यही तयार होते. बंद डब्यात खोलीच्या तापमानाला साठवणे तर त्याहून घातक आहे, कारण अशा कमी आंबट द्रवात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. भारनियमन मोठे असेल त्या दिवशी हा उद्योग करू नये.

मूळचोपडेकर (इंग्लंड)

धान्यमंथन यांच्या कृतीला पाण्याविषयी एक पुरवणी जोडतो. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, हे गीझरच्या कॉइलवर साचणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळते. त्यातील बायकार्बोनेटमुळे मिश्रणाची आम्लता कमी होते आणि विकरांना लागणारा ५.२ ते ५.६ हा सामू (पीएच) मिळत नाही. पाणी आदल्या दिवशी उकळून रात्रभर निवळू द्यावे आणि तळचा साका सोडून वरचे घ्यावे, यानेही फरक पडतो. चेक देशातील पिल्सेन शहराच्या फिकट बीअरमागे तेथील अतिशय मऊ पाणी आहे आणि डब्लिनच्या काळ्या बीअरमागे तेथील जड पाणी आहे, कारण भाजलेल्या काळ्या माल्टमधील आम्लता त्या पाण्याचा तोल सांभाळते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर तोही उकळीने जातो.

तापीकाठ (यावल तालुका)

दादर निवडून ठेवली आहे आणि थर्मामीटर मागवला आहे. एकच शंका उरते. पेज पातळ झाली म्हणजे सर्व स्टार्चची साखर झाली असे समजावे का, की ते तपासण्याचा काही निश्चित उपाय आहे?

धान्यमंथन (जळगाव)

पातळ होणे ही केवळ पहिली खूण आहे. तेवढ्यावरून स्टार्च संपला असे म्हणता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन आणावे. पांढऱ्या बशीत गाळलेल्या द्रवाचा एक थेंब घेऊन तो निवला की त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, तेव्हा ६४ अंशांवर आणखी वीस मिनिटे ठेवून पुन्हा तपासावे. आयोडीनचा मूळ तांबूस-पिवळा रंग कायम राहिला तर काम पूर्ण झाले. थेंब घेताना भरडीचा कण येऊ देऊ नये, कारण टरफलाजवळचा स्टार्च शेवटपर्यंत निळा रंग देतो आणि दिशाभूल होते. तपासलेला थेंब बशीसह धुऊन टाकावा, भांड्यात परत जाऊ देऊ नये.